तलावाकाठी काय पाहिजे

…नाही वं, सेल्फी पॉइंट माह्या नावावर नको लिहू. शामला लिही, प्रताप नगर लिही, वय साठच्या वर लिही — पण तलावाकाठी काय बांधावं म्हणून विचारून राहिली नं, त्याच्यात ते नको. कॅन्टीन? नको. बोटिंगही नको. मग कायले येतो आम्ही? बसाले. ते तिकडं वाळूवर, पांढऱ्या टोपीतले — ते माहे मिस्टर. गणिताचे मास्तर होते, अर्ध्या प्रताप नगरले शिकवलं. आता मलेच ओळखत नाहीत, दवाखान्यातली सिस्टर म्हणतात. घरी दिवसभर दार उघडून बाहेर जाले पाह्यतात, अन् इथं पाणी दिसलं का चूप बसतात. मग मीही बसते. दिवसातून तेवढंच बसणं हाय मले, श्वेता — श्वेताच नं तुह्यं नाव?

पाहिजे म्हणशीन तर — हसू नको — बाथरूम पाहिजे. हो हो, हाय, नवीन टाइल्सही लावल्या. पण एक बायांचं, एक माणसांचं. ह्यायले एकटं पाठवलं तर आत नुसते उभे राह्यतात, पॅन्टची चेन समजत नाही. मी सोबत गेली तर माणसं ओरडतात, इकडं आणलं तर बाया ओरडतात. त्यायचंही बरोबर हाय, त्यायले काय माहीत? तर एक असं बांधा, जिथं नवराबायको दोघं जातीन अन् कोणी काही म्हणणार नाही. झालं.

आतापर्यंत? भागवते कसंतरी — हे पाह्य, आलेच उठून. अवं थांब, तुह्यी बाटली नको देऊ त्यायले! तहान… लागली असन. सकाळचा चहा दिला नं. इथं यायचं असलं का मी पाणी देतच नाही. अशी काहून पाहून राहिली? मागच्या महिन्यात रामदासपेठेतल्या दवाखान्यात भरती केलं होतं, लघवीत इन्फेक्शन. डॉक्टर म्हणे, पाणी कमी पडते. मी म्हटलं, मागतच नाहीत हो ते… हे कायले लिहून राहिली? मिटव. मले काय आवडते का वं असं? थकली मी. फार थकली.

बरं, दिली तर दिली. पिऊ दे. पाह्य, अख्खी बाटली संपवली… चला हो, हात धरा माहा. अन् तू बाई, टॅब ठेव बॅगेत, बाकीचे प्रश्न राहू दे. माणसांच्या बाथरूमच्या दरवाज्यात उभी राह्य. कोणी आलं तर सांगजो, आत बाई हाय म्हणून.