आग्रह राहून गेला

हॅलो?... हो ताई, बोल... नाही, रडून नाही राहिली मी... अगं, नाही न... हो, रडूनच राहिली.

मोडलं, ताई. आपल्या अवंतिकाचं लग्न मोडलं. पाटनवाल्यांचा, मुलाकडच्यांचा फोन आला सकाळी... नाही, पोरगी पसंत आहे. केतनला, त्याच्या आईला, साऱ्यांनाच. परवा आपल्याकडे जेवायला आले होते न ते, त्या जेवणावरून मोडलं... जेवणावरून, हो! ऐक तर. त्याचे ताऊजी, म्हणजे मोठे काका, म्हणाले, 'मराठी लोग कंजूस होते हैं, गिन-गिन के परोसते हैं.'

अगं, कमी काहून पडेल? पुरणपोळ्यांचा डबा अजून भरलेला आहे माझ्यासमोर. कढी, वडे, सारंच उरलं. पण आपली रीत माहीत आहे न तुला? पहिले ताटात एकच पोळी, चमचाभर भाजी. मग फिरत राहायचं, 'घ्या न, अजून एक घ्या'... तर ते फिरणंच मी केलं नाही!

काहून म्हणजे?... रामरावकाकांच्या नेहाच्या लग्नात नाही का, बाराती ओरडून ओरडून पुऱ्या मागत होते? तेव्हापासून आपल्याकडे सारेच म्हणतात, हिंदीवाले लाजत नाहीत, पाहिजे ते मागून घेतात. मीही तेच धरून बसली. वाटलं, आग्रह केला तर हसतील आपल्याला... आणि ते बिचारे रिकाम्या ताटापुढे गप बसलेले. मुलीच्या घरी मागून खात नाहीत म्हणे त्यांच्यात! मला काय माहीत? ते उपाशी गेले, ताई, आणि माझे गंज-पातेले भरलेले.

हो, हो... ताऊजींचं तर विचारूच नको. खमरियाच्या फॅक्टरीत कोण्या मराठी बाबूजवळ बसायचे ते. तो कधी चहा पाजत नव्हता म्हणे. बस! त्या एका माणसापायी आम्ही सारे कंजूस. परवा माझ्या घरी त्यांना पुरावा भेटला.

काय म्हटलं?... 'ते लोक असेच असतात'? हात जोडते ताई, तू तरी असं नको बोलू! हेच बोलत बोलत मी आपल्या पोरीचं... हॅलो? ऐकू येतंय?

केला न फोन. दोनदा केला. त्याची आई म्हणते, 'अब क्या कहें, बहनजी.' मी ह्यांना म्हटलं, चला, डबा घेऊन पाटनला जाऊ, पाया पडू. हे म्हणतात, आता नेला तर म्हणतील, उरलेलं आणलं... खरंच आहे न! मग काय करू मी? तू सांग, काय करू?

केतनवरच भिस्त आहे आता. समजदार पोरगा आहे. कॉलेजपासून ओळखतो हिला, आपलं घर माहीत आहे त्याला. तो समजावेल घरच्यांना... हो, अवंतिका त्याच्याशीच बोलून राहिली, मागच्या खोलीत.

थांब, आली ती... काय ग? काय म्हणाला केतन?... काय?

ताई... तो म्हणाला, 'ताऊजी गलत थोड़ी बोल रहे हैं, तुम लोग होते ही ऐसे हो.'

नाही... नाही रडत ती. नुसती उभी आहे. मला विचारून राहिली, मम्मी, इतके वर्षं मी त्याच्यासाठी अवंतिका होती न... मग 'तुम लोग' कधी झाली?

काय सांगू हिला?... हिच्याजवळ जाते, ताई. ठेवते मी.