नऊ मजल्यांची कार्डे

मी, वय २४ वर्षे, शिक्षण बी.ए., धंदा नोकरी (नऊ मजली कचेरीच्या इमारतीत सुरक्षेच्या नोंदी ठेवणे), राहणार वडिलांच्या इस्त्रीच्या दुकानामागील खोलीत आईवडील व धाकट्या भावासह, आज शनिवारी दुपारी चार वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते तो येणेप्रमाणे. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन आले आहे.

आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ एक लाल पेटी आहे. तिच्यात आगीच्या वेळी वापरायची पाण्याची नळी व तिचे पितळी नोझल असते. पेटीच्या दाराला आतून एक कार्ड बांधलेले असते. रोज संध्याकाळी प्रत्येक मजल्यावर जाऊन, नोझल पाहून, तिथल्या तिथे कार्डावर वेळ व सही करायची, हे माझे काम आहे. कार्ड पेटीत बांधलेले असते ते मजला चढल्याशिवाय सही होऊ नये म्हणूनच.

पहिले पाच महिने मी रोज चढले. पाचव्या मजल्यावरचे हिशेबनीस मला पाहून म्हणत, "आली बघा आमची गिर्यारोहक! अहो ताई, पळून जाणार आहेत का त्या पेट्या?" मी त्यांना म्हणाले होते, "सर, सही म्हणजे शब्द असतो." हे मी खरोखर म्हणाले होते. त्यावर ते बराच वेळ हसले.

दोन महिन्यांपूर्वी, मी उतरताना वापरत असे ती लिफ्ट बंद पडली. एके दिवशी नवव्या मजल्यावर पेन संपले म्हणून तेवढे एक कार्ड दोरी सोडवून मी खाली आणले व टेबलावर भरले. काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी मी उरलेली आठही कार्डे खाली आणली व नऊही टेबलाच्या खणात ठेवली. ती तेव्हापासून तिथेच होती. हा उपाय मला कोणी शिकवलेला नाही. माझे गुडघे चांगले आहेत.

नोंदी खऱ्या वाटाव्यात म्हणून मी दोन पेने वापरत असे. दोन मजल्यांमध्ये तीन मिनिटे धरत असे, व सातव्यानंतर दम लागतो म्हणून पाच. वाचलेल्या वेळात काय करत होते, असे विचारल्यावरून सांगते की काही नाही. वाचनालयाचे एक पुस्तक सोबत असे. दोन महिन्यांत त्याची चौदा पाने झाली.

या सोमवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास झाडणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "ताई, वरच्या पेट्या सताड उघड्या आहेत, बघून घ्या हो." मी म्हणाले, "बघते." मी गेले नाही. संध्याकाळी नऊही कार्डांवर 'नोझल जागेवर' असे लिहिले. बुधवारी, रोज तेच तेच दिसू नये म्हणून, सहाव्या मजल्याच्या कार्डावर 'नोझल कडक फिरते, तेल दिले' असे जास्तीचे लिहिले. मी तेल दिलेले नाही. आमच्याकडे तेलाची बाटलीही नाही.

शुक्रवारी सकाळी अग्निशमनचे तपासनीस आले व स्वतः वर गेले. तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत सात नोझल नव्हती. कार्डे तपासणीसाठी खाली आणून ठेवली आहेत, असे मी त्यांना सांगितले. माझ्या कार्डांप्रमाणे ती गुरुवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत जागेवर होती. म्हणजे चोरी गुरुवारी रात्री झाली, व त्या रात्री इमारतीत रात्रीचे पहारेकरी एकटेच होते. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांना दुपारी इथे आणले. तेव्हा आपल्या साहेबांनी माझी कार्डे हातात घेऊन म्हटले, "अशी नोंद ठेवणारी माणसं मिळाली, तर आमचं काम निम्मं होईल." मी "थँक्यू सर" म्हणाले.

मामा मागच्या आठवड्यातील शुक्रवारपासून मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर होते व बुधवारी रात्री कामावर परत आले. बदली पहारेकरी येणार होता, तो आला नाही. पेट्या सोमवारी सकाळीच उघड्या होत्या. त्या वेळी मामा इमारतीत नव्हतेच.

मामा ड्यूटीवर डुलकी घेतात अशी लेखी तक्रार मी नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात केली होती. ते पत्र त्यांच्या फायलीत आहे व आपण ते वाचले आहे. अक्षर माझे आहे. मजकूर खरा आहे. त्यानंतरही मामा मला 'बाळ' म्हणूनच हाक मारत.

काल संध्याकाळी मी घरी सांगितले. वडील इस्त्री करत होते. ते म्हणाले, "जिने चढली नाहीस, एवढंच ना? कोण चढतं? गप्प बस, होईल सगळं नीट." आई म्हणाली, "नोकरी जाईल गं. घरातली पहिली नोकरी आहे ही, टेबलखुर्चीची." मी रात्री गप्प बसले. भावाच्या वहीतील कॉपी पकडून मी मागच्याच महिन्यात त्याला रडवले होते. तो माझ्याकडे बघत होता.

आज सकाळी मामी इमारतीत आल्या व थेट माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ताई, साहेब तुमचं ऐकतात. तुम्ही शिकलेल्या. तुमचं सगळं लिहिलेलं असतं म्हणे. बघा ना, त्यात आमच्या माणसाचं काही चांगलं निघतंय का." मी त्यांना बसायला खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

एवढ्यासाठी मी आले आहे. सोमवार ते गुरुवारच्या नोंदी खोट्या आहेत व त्याआधीच्या दोन महिन्यांच्याही. नोझल नक्की केव्हा गेली हे मला सांगता येत नाही, कारण मी पाहिलेले नाही. मामांना माझ्या सहीवरून आणले आहे, तर माझ्या सहीवरूनच सोडावे.

वरील जबाब मला वाचून दाखवण्यात आला. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी माझे वय पाहून 'सदर नोंदी नजरचुकीने झाल्या' असे एक वाक्य आपण होऊन घातले होते. ते मी खोडायला लावले व खोडल्या जागी सही केली. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.