कस्तुराचं सामान

गेनू: ती किल्ली घालू नगं, कस्तुरा. लागायची न्हाई. कुलूप बदललंय.

कस्तुरा: अन् माझं सामान, मामा?

गेनू: दोन वर्सांनी इचारतीस व्हय? कंपनीतली दोन पोरं ऱ्हात्यात हितं आता. चार हजार देत्यात. तुझा नवरा कुठाय? ज्योतीरामला बोलू दे.

कस्तुरा: ते दुसऱ्या लाटेत गेले.

गेनू: आरं देवा... कळवायचं तरी.

कस्तुरा: कळवून काय झालं असतं? लॉकडाऊन लागला तवा तुम्हीच म्हणलात, गावाकडं जावा, सामानाला मी हाय. तुमच्या भरवशावर कुलूप लावून गेलतो आम्ही.

गेनू: म्हणलो व्हतो. पर आठच्या आठ खोल्या ओस पडल्या. जमीन कवाच कंपनीत गेली, घर चालतंय ते भाड्यावर. आमच्या बाळूची कॉलेजची फी, माझी साखरेची औषधं. तुमचंबी भाडं थकलेलं. इकलं मग समदं.

कस्तुरा: समदं?

गेनू: कॉट, पंखा, शेगडी. भंगारवाल्यानं दिलं ते घेतलं.

कस्तुरा: ते जाऊ द्या. शिलाई मशीन?

गेनू: तीबी.

कस्तुरा: मामा, लेकरू घेऊन तळेगावात भावाकडं राहाते मी. भावजय आमच्या ताटात बघती. हातमोजे शिवायचं काम मिळालंय, पण मशीन स्वतःची पाहिजे म्हणतेत. कुणाला विकली तेवढं सांगा. त्याच्या पाया पडते.

गेनू: आता कसं आठवंल?

सरुबाई: (दारात येत) इकली न्हाई ती.

गेनू: सरू, आत जा तू.

सरुबाई: न्हाई जात. कस्तुरा, मशीन आमच्या घरात हाय. मास्क शिवले मी तिच्यावर. बाळूची फी त्यातनंच भरली. पुढं खोल्या भरल्या, भाडं सुरू झालं, तरी ठिवून घेतली.

गेनू: अगं, आजबी चार पैसं येत्यात तिच्यावर. दिऊन टाकल्यावर काय करायचं आपण?

सरुबाई: मग सांगा तिच्या तोंडावर, देत न्हाई म्हणून. सांगा की.

कस्तुरा: मामी... चालती का अजून?

सरुबाई: चालती. दर आठवड्याला तेल घालती मी. घिऊन जा. जरा थांब, एकीचा ब्लाउज अर्धा ऱ्हायलाय, तेवढा काढून घेते.

कस्तुरा: काढू नका. पुरा करा. मी बसते.