खोली उदास नाही

नाही नाही, उदास म्हणू नका — अंधारी म्हणा, हवं तर कोंदट म्हणा, समोर त्या इमारतीची भिंत आली ना, म्हणून उजेड जरा दबकत येतो — पण उदास नाही. माफ करा हं, सवय आहे मला. सगळी नोकरी शब्दकोशाच्या कचेरीत झाली, कोणी सहज एखादा शब्द टाकला की मी उचललाच. तुम्ही बिचाऱ्या भाड्याची खोली बघायला आलात आणि मी शिकवणी सुरू केली. बसा ना. त्या खुर्चीवर नको, पाय डगमगतो तिचा — इथे पलंगावर बसा.

तर उदास. उद् आणि आस. आस म्हणजे बसणं — आसन म्हणतो ना आपण, त्यातलंच. उदास म्हणजे बाजूला जाऊन बसलेला. दुःखाचा त्यात मुळात पत्ताच नाही! दोघांच्या भांडणात जो कोणाचीच बाजू घेत नाही, तो उदासीन. मग लोकांच्या लक्षात आलं असेल, की असा लांब बसलेला माणूस काही फार सुखात दिसत नाही — झालं, चेहरे उदास झाले, संध्याकाळी उदास झाल्या, आता खोल्याही व्हायला लागल्या. हसताय? वन्संही हसायच्या. "वहिनीबाई, पगार घेऊन हेच करतेस का गं तू? मी दिवसभर मशीनपुढे एकटी बसते, मग मी कोण — महाउदास?"

वन्सं म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. खोली त्यांचीच — माझ्या मुलाने फोनवर सांगितलं नाही वाटतं तुम्हाला. नसेल सांगितलं. यांनी दुसरा संसार थाटला ना, तेव्हा मुलगा शाळेत होता, आणि सासरची माणसं सगळी उदासीन — मूळ अर्थाने बरं का — "आम्ही कोणाच्या मध्ये पडत नाही." आणि एका सकाळी वन्सं दारात, मागे टेम्पोवाला, त्याच्या खांद्यावर हे शिवणाचं मशीन. मी म्हटलं, वन्सं, अहो भाऊ तुमचा आहे. तर म्हणाल्या, "माझा आहे म्हणून तर लाज मला आहे. सरक, दार अडवू नकोस, त्या माणसाचा खांदा मोडेल." एवढंच. पुढे कधी विषय नाही. मीही विचारलं नाही, का राहिलात म्हणून. विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, तुझ्या हातचा पांचट चहा आवडतो म्हणून.

गेल्या थंडीत गेल्या. लोक आले की भेटायला, येतातच — पण मुलाला भेटायला आले, त्याची आत्या गेली म्हणून. एक बाई मला म्हणाल्या, "सुटलात हो, नणंदेचं किती केलंत." मी आत जाऊन चहा ठेवला. नवरा गेला असता तर बायका जवळ येऊन बसल्या असत्या, पाठीवरून हात फिरवला असता. नणंदेसाठी कोण बसतं? तसा मला राग नाही. सांगतेय आपलं.

मुलगा म्हणतो, आई, घरात कोणीतरी असू दे. बरोबरच आहे त्याचं, तो तिकडे लांब, जीव टांगणीला. मीच म्हटलं, पाठव कोणाला तरी. आणि तुम्ही चांगल्या दिसता, नोकरी आहे, आवाज शांत — काय? मशीन? हो हो, ते जायचंय, तिथे तुमचं टेबल बसेल. माणूस येणार आहे न्यायला. दोनदा आला होता, मी घरी नव्हते — म्हणजे होते, दार उघडलं नाही. दुपारी चालवते ना मी. शिवत काही नाही, मला साधं बटण लावता येत नाही, नुसतं पाय मारते. खालच्या बाई विचारतात, शिकताय का? मी म्हणते, हो, शिकतेय. पट्टा उतरवून चालवते — खालचं चाक तेवढं फिरतं, वर काही हलत नाही, कारण वर सुईत —

ते मशीनवरचं कापड काढू नका! नको, राहू द्या. राहू द्या म्हटलं ना. सुईत दोरा आहे. त्यांनी ओवलेला.

तुमचं काही चुकलं नाही. खोली द्यायची नाहीये मला. मुलाला मी सांगेन काय ते. तुम्ही या आता — आणि जाताना दार ओढून घ्या, मी इथेच बसते.