लाल त्रिकोण

मेकॅनिक: मावशी, आत खुर्चीवर बसा ना. इथे ग्रीस लागेल साडीला.

मावशी: लागू दे. मागची सीट आज पहिल्यांदाच काढलीस ना तू? याआधी दोनदा आणली गाडी, तेव्हा नुसतं ते यंत्र लावलंस, डॅशबोर्डवरचे दिवे घालवलेस आणि पाठवून दिलंस.

मेकॅनिक: हो.

मावशी: आले बघ परत. लाल त्रिकोण, बॅटरीचं चित्र, अजून काहीतरी पिवळं. काल तर चढावर मानच टाकली गाडीनं. चिरंजीव चालवत होते, तरी बोलणी मलाच. म्हणे, तू आधीच वाट लावून ठेवलीस.

मेकॅनिक: तुम्हाला घाई नाही ना?

मावशी: चारला डॉक्टर आहे. स्मरणशक्तीचा. मुलगा सकाळी गाडी आणि मला इथे सोडून ऑफिसला गेलाय, तिथूनच येईल न्यायला. शंभरातून सात-सात वजा करायला लावतात म्हणे. मी पाठच केलंय. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. ही कॉपी धरतात का रे?

मेकॅनिक: पण डॉक्टर कशाला?

मावशी: वा. तूच म्हणालास ना त्याच्यासमोर? हायब्रिड गाडी आवाज करत नाही, मावशी बंद करायलाच विसरतात, म्हणून बॅटरी उतरते. त्यानं तिथल्या तिथे चावी काढून घेतली. मग गॅसवर नजर, कडीवर नजर. तीस वर्षं शाळेची प्रयोगशाळा सांभाळली मी, एक बर्नर चालू राहिला नाही. आता तीन मजले उतरून बघून येते, गाडी बंद आहे ना. चावी माझ्याकडे नाही, तरी.

(मेकॅनिक सीटखालच्या जाळीतून काहीतरी ओढून काढतो आणि पाठीमागे धरतो.)

मावशी: काय झालं? हातात काय आहे?

मेकॅनिक: फडकं.

मावशी: मग पाठीमागे का लपवतोस?

मेकॅनिक: माझं आहे, मावशी. माझ्या जुन्या टी-शर्टचं.

मावशी: आत्ता पडलं?

मेकॅनिक: नाही. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. छोटी एक, आणि मोठी या सीटखाली. मोठी तापते. तिला गार करायला पंखा आहे, तो या जाळीतून हवा ओढतो. मागे दूध सांडलं होतं, तुम्ही सीट धुवायला दिलीत, आठवतंय?

मावशी: मला सगळं आठवतं. तू पुढे बोल.

मेकॅनिक: पाणी आत जाऊ नये म्हणून मी जाळीत फडकं कोंबलं. काढायचं राहिलं. पंख्याला हवाच नाही. बॅटरी तापायची, दिवे लागायचे.

मावशी: म्हणजे विसरलास तू.

मेकॅनिक: हो.

मावशी: मग मी विसरते, हे कशावरून म्हणालास?

मेकॅनिक: कशावरूनच नाही. यंत्रावर बॅटरी तापल्याचं येत होतं. का तापते ते मला कळेना. सगळं व्हिडिओ बघून शिकलोय मी, कळत नाही म्हणायला लाज वाटते. तुमच्याकडे बघितलं, पिकलेले केस बघितले, आणि जे तोंडात आलं ते बोललो.

(मावशी त्याच्या हातातलं फडकं घेऊन उलटसुलट बघतात.)

मेकॅनिक: आत्ताही 'जाळीत कचरा निघाला' एवढंच सांगणार होतो, फडक्याचं लपवणार होतो. खरं सांगतो.

मावशी: म्हणजे मी बंद करत होते गाडी.

मेकॅनिक: हो.

मावशी: प्रत्येक वेळी?

मेकॅनिक: ते मी कसं सांगू, मावशी? मी तिथे नव्हतो. पण हे तुमच्यामुळे झालेलं नाही. दोन थोबाडीत द्या मला.

मावशी: माझा हात दुखेल. त्याला फोन लाव. मी नाही बोलणार, तू बोल. माझ्याबद्दल बोलताना जेवढ्या जोरात बोलला होतास, तेवढ्याच जोरात.

(मेकॅनिक फोन स्पीकरवर टाकतो.)

मुलगा: बोल रे. गेली ना बॅटरी?

मेकॅनिक: नाही दादा. बॅटरी चांगली आहे. पंख्याच्या जाळीत माझं फडकं राहिलं होतं. सीट धुताना मीच कोंबलं होतं.

मुलगा: आणि आईचं ते? गाडी चालू ठेवण्याचं?

मेकॅनिक: ते मी मनानं सांगितलं होतं. तपासलं नव्हतं काही. चूक माझी आहे, दादा. मावशींची नाही.

मुलगा: अरे, मी डॉक्टरची वेळ घेतलीये. सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलोय मी. आई आहे का तिथे?

मेकॅनिक: आहेत. ऐकतायत.

मुलगा: आई. अगं, तू तेव्हाच ठामपणे का नाही सांगितलंस, की मी बंद केली होती म्हणून?

मावशी: सांगितलं होतं की. तीनदा सांगितलं. तू प्रत्येक वेळी "बरं बरं" म्हणालास. चौथ्यांदा मला वाटलं, तूच खरं बोलत असशील.