वैद्यकीय अभिप्रायार्थ

विषय : कुरुंद्याच्या वर्षा मॅडमचा संशोधनासाठी अभ्यासरजेचा अर्ज.

मंडळी, मी शिक्षण खात्यातला कारकून, म्हणून शाळेतल्या मॅडमचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. त्यात ‘क्ष-किरणांतील चढउतार’ वाचून मी विचारलं, “मॅडम, तब्येतीला काय झालं?”

“मला काय धाड भरली, काका? दीर्घिकेत नवे तारे जन्मतात. त्यांच्या लखलखाटात मधलं कृष्णविवर लपतं. क्ष-किरण कमीजास्त होऊन राहिले, की समजायचं, आत कोणीतरी जेवून राहिलं.”

मला कळलं नाही, आणि माझ्यासारख्या चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला पुन्हा विचारायची लाज वाटली. मी ‘वैद्यकीय अभिप्रायार्थ’ असा शेरा मारून कागद पुढे ढकलला. रजेअभावी तिची संशोधनाची जागा गेली.

परवा वारंगा फाट्यावर भेटली. “काका, लपलेलं कृष्णविवर सापडतं. माझा अर्ज न्हाई सापडत.”

मी निवृत्त झालो. अर्ज अभिप्रायासाठी प्रलंबित आहे.