लाल दवाई

लेकीच्या लग्नपत्रिका न्यायला आलेला रोहिणखेडचा उकंडराव मलकापूरच्या छापखान्यात बाकावर टेकला होता. शेजारच्या टेबलाशी दोघे संपादक पटकीच्या साथीच्या मजकुरावरून हुज्जत घालत होते.

"भगवानराव, 'परमँगनेट हे जंतुनाशक रसायन' असंच छापा."

"हरिपंत, खेड्यात हे कोणाले समजन? 'सरकारी माणूस विहिरीत टाकते ते लाल दवाई' म्हणा."

"हे साप्ताहिक आहे, दवंडी नव्हे."

"मंग 'पाणी लाल होते, रंग गेल्यावर प्या', एवढं तरी लिहा."

"तेवढं कोणालाही कळतं."

उकंडराव उठून टेबलाशी आला.

"सायेब, ते दवाई होती काय? आमी तं जहर समजून विहीर सोडली. चार दिवसांपासून सारं गाव नाल्याचं पाणी पिऊन राह्यलं."

कोणी काही बोलायच्या आत, पत्रिका तशाच टाकून तो बैल जुंपायला निघाला.